आतला खिसा

बसा, ऋग्वेदीबाई. पंखा त्या बाजूला फिरत नाही.
कमरेचं माप घेते, श्वास सोडा.
पोट आत ओढून दिलेलं माप
तिथे पहिल्याच दिवशी काचतं.

बोलिव्हिया मी पाहिलेलं नाही.
ठाण्याच्या बाहेर लांब गेले ती जेजुरीला, दोनदा.
पण माझे खिसे तीन वेळा जाऊन आलेत,
आणि परतलेलं गिऱ्हाईक उसवायला माझ्याकडेच येतं,
उसवता उसवता बोलतं.

तर, डॉलर कोरे न्या. करकरीत.
कोपरा मुडपलेला, शाईचा ठिपका पडलेला चालत नाही,
तिथली बाई नोट उजेडाकडे धरते
आणि मी फाटकी दहाची करते तशी परत करते.
म्हणून खिशाला आतून मांजरपाट लावते, दुमड पडायची नाही.
नायलॉन नको. घामाने चिकटतं.

विमान उतरतं तीच जागा चार हजार मीटरवर.
मामा-भांज्याचे डोंगर एकावर एक किती रचायचे
ते नातवाने काढून दाखवलं होतं, विसरले.
पहिला दिवस काही करू नका.
चढावर थांबायला लाजू नका,
कुणाच्या तरी दुकानाची पाटी वाचताय असं दाखवा.
अर्धं जेवा. डोकं धरलं तर कोकाच्या पानांचा चहा देतात, तो प्या.
पानं मात्र पिशवीत घालून आणू नका,
विमानतळावर त्याला पान म्हणत नाहीत.

पिवळ्या तापाची लस दहा दिवस आधी.
आणि ते कार्ड सामानात नाही, अंगावर.
जाताना एकवेळ सोडतील,
येताना आपलीच माणसं कोंडून ठेवतात.
बी-केबिनचे शिर्केसाहेब सहा दिवस बसले होते,
कार्ड घरी, फ्रिजवर, चुंबकाखाली.
तुमचा कार्डाचा खिसा डावीकडे करते, पैशाचा उजवीकडे.
घाबरलेला माणूस उजवा हात आधी घालतो.

मांस नको म्हणालात तर कोंबडी वाढतील.
रागवू नका. बटाटे मागा.
रस्ते अडवतात, दगड टाकून, कधी दिवसभर, कधी आठवडा;
परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवा.
सुटी नाणी. संडासाला लागतात.

आता मिठाचं.
ते पांढरं मैदान बघायलाच चाललात ना?
टोपी घाला असं सगळेच सांगतील.
टोपीने काही होत नाही.
माझा बाप कोपरीच्या आगरात फळी ओढायचा.
त्याची हनुवटी खालून काळी होती,
नाकपुड्या आतून सोललेल्या.
मीठ ऊन गिळत नाही, थुंकतं. वर.
तेव्हा मलम इथे लावा, जबड्याखाली,
कानाच्या पाळीमागे, गळ्याच्या घडीत.
टाचांच्या भेगा आधी भरून घ्या.
भेगेत मीठ गेलं की बाप संध्याकाळभर
कुणाशी बोलायचा नाही,
आम्हाला वाटायचं रागावलाय.

हात वर करा. झालं.

शिलाईचं नंतर बघू. एक काम करा.
तिथल्या बायका घेरदार परकर नेसतात, पोयेरा म्हणतात,
वर साहेबी टोपी.
शिर्केसाहेबांनी फोटो आणला, पण समोरून,
आणि टोपीचाच.
मला कमरेपाशी बघायचंय.
एवढं कापड त्या पट्टीत बसवतात कसं,
चुण्या हाताने घालतात की मशीनवर,
मागे नाडी की हूक.
एखादीला विचारा. भाषा नसली तरी
स्वतःच्या कमरेला चिमूट घेऊन दाखवा,
शिवणारीला कळतं.
चुण्या मोजा. अंदाजे नको.
आकडा कागदावर लिहा, आणि त्या कागदासाठी
मागे एक तिसरा खिसा लावतेय, बोटभर.
त्याचे पैसे धरणार नाही.

शुक्रवारी या, ट्रायलला.
बूट तेच घालून या, जे नेणार आहात.